समांतर धावपट्ट्या आणि विमानामागील वावटळ

विमानतळावर धावपट्टी मोकळी दिसत असतानाही एखादे विमान दोन-दोन मिनिटे का थांबून राहते, असा प्रश्न प्रवाशांच्या मनात अनेकदा येतो. एका धावपट्टीशेजारी दुसरी बांधली की विमानांची ये-जा आपोआप दुप्पट होईल, असाही सर्वसाधारण समज आहे. या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच, डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या घटनेतून होतो. विमानामागे राहणारे हवेचे भोवरे ही ती घटना होय.

भोवरे कसे निर्माण होतात?

खाडीतून मोठी लाँच निघून गेली, तरी तिच्या लाटा मागाहून येणाऱ्या होडीला हेलकावे देत राहतात. हवेतही काहीसे असेच घडते. हे भोवरे इंजिनांच्या झोतामुळे होतात, असे पुष्कळांना वाटते; परंतु त्यांचे मूळ पंखांत आहे. उडत्या विमानाच्या पंखाखाली हवेचा दाब अधिक व पंखावर कमी असतो. खालची हवा पंखांच्या टोकांवरून वर वळते आणि विमानाच्या मागे परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे दोन भोवरे तयार होतात. विमान जितके जड व त्याचा वेग जितका कमी, तितके ते प्रबळ. विमान भूमी सोडते तेव्हा त्यांचा प्रारंभ होतो आणि ते पुन्हा जमिनीवर टेकले की त्यांची निर्मिती थांबते.

हे भोवरे मिनिटास काही शे फूट या गतीने खाली उतरतात. जमिनीजवळ आले की ते ताशी सुमारे चार-पाच किलोमीटर वेगाने दोन्ही बाजूंना सरकू लागतात. येथे वाऱ्याचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. जोराचा वारा भोवऱ्यांना लवकर मोडून टाकतो. उलट बाजूने येणारी मंद झुळूक एका भोवऱ्याला धावपट्टीवरच रोखून धरते व दुसऱ्याला शेजारच्या धावपट्टीकडे ढकलते. म्हणजे वारा शांत वाटतो, तेव्हाच सावधगिरी अधिक हवी.

अनुभवातून आलेले नियम

३० मे १९७२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ येथे प्रशिक्षण उड्डाणावरील एक डीसी-९ विमान मोठ्या डीसी-१० विमानाच्या मागोमाग उतरत असताना भोवऱ्यात सापडून उलटले. त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले. विमानांमधील अंतराचे नियम त्यानंतर अधिक काटेकोर झाले.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या रूढ वर्गवारीनुसार कमाल उड्डाणभार १३६ टन वा अधिक असलेले विमान 'जड', ७ टन वा कमी असलेले 'हलके' व मधले 'मध्यम' होय. एअरबस ए-३८० या महाकाय विमानासाठी वेगळा वर्ग आहे. उतरताना जड विमानामागे जड विमानास ४, मध्यम विमानास ५ व हलक्या विमानास ६ सागरी मैल अंतर ठेवावे लागते. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजेच मध्यम विमान सव्वानऊ किलोमीटर मागे राहते. उड्डाणाच्या वेळी जड विमानामागे मध्यम वा हलक्या विमानाने सामान्यतः दोन मिनिटे थांबावयाचे असते.

७६० मीटरांची मर्यादा

दोन समांतर धावपट्ट्यांमधील अंतर ७६० मीटरांहून कमी असेल, तर भोवऱ्यांच्या दृष्टीने त्या एकच धावपट्टी मानल्या जातात. यामागील हिशेब सोपा आहे. मंद वाऱ्याची साथ मिळाल्यास भोवरा सेकंदास सुमारे चार मीटर सरकतो. २३० मीटरांवरील धावपट्टी तो मिनिटाभरात गाठील. ७६० मीटर ओलांडण्यास मात्र त्याला तीन मिनिटांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर त्याची शक्ती बहुधा ओसरलेली असेल.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील जोड धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत केवळ ७५० फूट, म्हणजे सुमारे २३० मीटर अंतर आहे. आकाश निरभ्र असता वैमानिक एकमेकांना पाहून जोडीने उतरत. अशा रीतीने ताशी सुमारे ६० विमाने उतरविण्याची प्रथा तेथे अनेक दशके होती. समुद्रावरून ढग खाली आले की ही संख्या जवळजवळ निम्म्यावर येई. धावपट्ट्या दोनच राहत. परंतु त्यांचा उपयोग एकीइतका होई.

आपल्यासाठी बोध

मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात मात्र दोन समांतर धावपट्ट्या असून त्यांमध्ये सुमारे दीड किलोमीटर अंतर योजिले आहे. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरविण्यासाठी किमान १,०३५ मीटर अंतर आवश्यक असते.

या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील गावांना आपली घरे सोडावी लागली. दोन धावपट्ट्यांमध्ये एवढी जागा कशाला, असे कोणी ग्रामस्थ विचारील, तर त्याचा प्रश्न रास्तच मानला पाहिजे, आणि त्याचे उत्तर देणे हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचे काम आहे. ते अंतर प्रवाशांच्या प्राणांसाठी राखलेले असते. ते आज कमी ठेवले, तर विमानतळ उभा राहिल्यावर ते वाढविणे जवळजवळ अशक्य असते.