संगणकशास्त्र : हिशेब आणि हेतू

मराठीत आपण 'संगणक' म्हणतो, कन्नडमध्ये 'गणकयंत्र'. दोन्ही शब्दांच्या मुळाशी गणना आहे. इंग्रजीतला 'कॉम्प्युटर' हा शब्दही प्रथम यंत्राला नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावला जाई. पुढे आकडेमोड यंत्राकडे गेली. पण मोजायचे काय आणि ते कोणासाठी, हा प्रश्न माणसाकडेच राहिला. हा प्रश्न संगणकशास्त्राच्या वर्गातच विचारला जावा, असा आग्रह अमेरिकेतील काही ख्रिस्ती 'लिबरल आर्ट्‌स' महाविद्यालयांनी धरला आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला तो मोलाचा का वाटतो, हे येथे मांडते.

'लिबरल आर्ट्‌स' म्हणजे आपली कला शाखा नव्हे. मध्ययुगीन युरोपात सुशिक्षित माणसाला सात विद्या याव्यात असे मानीत. व्याकरण, वक्तृत्व व तर्कशास्त्र या पहिल्या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत व खगोलशास्त्र या पुढच्या चार. संगणकात प्रत्यक्ष गणना जिथे होते त्या भागाला 'अरिथमेटिक लॉजिक युनिट' म्हणतात. म्हणजे सातांपैकी अंकगणित आणि तर्क या दोन विद्या यंत्राच्या गाभ्यातच बसल्या आहेत! तेव्हा अशा महाविद्यालयात संगणकशास्त्र हा उपरा विषय ठरत नाही.

उदाहरणादाखल मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्‌स येथील कॅल्विन विद्यापीठ घेऊ. १८७६ साली डच वंशाच्या ख्रिस्ती रिफॉर्म्ड पंथाने ही संस्था स्थापिली. 'कॅल्विन कॉलेज' हे तिचे नाव बदलून २०१९ साली 'विद्यापीठ' झाले. येथे संगणकशास्त्र घेणारा विद्यार्थी प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम हे विषय शिकतोच. त्याखेरीज इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य व धर्मविचार यांचाही त्याच पदवीसाठी अभ्यास करतो.

एवढे विषय घेतल्यावर मुख्य विषय कच्चा राहणार नाही का? ही शंका रास्त आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाइतके तांत्रिक विषय येथे मावत नाहीत. यावर लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या गटाने विचार केला आणि नॉर्मन गिब्ज व ॲलन टकर यांनी १९८६ साली एक आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्याचा रोख असा, की विषय मोजके असावेत, पण तत्त्वे पक्की व्हावीत. प्रोग्रामिंगच्या भाषा येतात आणि जातात, तर्क टिकतो.

कॅल्विनमधलाच एक दाखला पाहा. २००७ साली प्रा. जोएल ॲडम्स आणि त्यांचा विद्यार्थी टिम ब्रॉम यांनी बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून 'मायक्रोवुल्फ' नावाचा छोटा महासंगणक तयार केला. चार मदरबोर्ड, आठ कोअर आणि उचलून नेता येईल असे आकारमान. खर्च २,४७० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने एक लाख रुपयांहून थोडा अधिक. वेग २६.२५ गिगाफ्लॉप. एक गिगाफ्लॉप म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांशी गणिते. वाणिज्याच्या सवयीने भागाकार केला, तर एका गिगाफ्लॉपला सुमारे ९४ डॉलर पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत सुट्या भागांच्या किमती उतरून तोच खर्च ४८ डॉलरांवर आला. मोठ्या प्रयोगशाळांची मक्तेदारी असलेली गणनशक्ती लहान महाविद्यालयाच्या आवाक्यात आली, हे त्यातले खरे महत्त्व.

पण यंत्र झाले, पुढे काय? तेथे 'पर्स्पेक्टिव्हज ऑन कॉम्प्युटिंग' हा अभ्यासक्रम आहे. त्यात संगणकाचे सामाजिक व नैतिक परिणाम चर्चिले जातात. पुढे कॅल्विनमध्ये अध्यापन करणारे डेरेक शूरमन यांनी २०१३ सालच्या 'शेपिंग अ डिजिटल वर्ल्ड' या पुस्तकात सृष्टी, पतन आणि उद्धार या ख्रिस्ती कल्पनांच्या आधारे तंत्रज्ञानाचा विचार केला आहे. तंत्रज्ञान ही सृष्टीतच दडलेली शक्यता आहे, मानवी दोषांनी ती विकृत होते, आणि सेवेच्या हेतूने ती पुन्हा सन्मार्गाला लावता येते, असा त्याचा सारांश सांगता येईल. त्यांची श्रद्धा आपली असो वा नसो, त्यातील प्रश्न सर्वांचाच आहे.

तो केवळ पुस्तकी प्रश्न नाही. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबाची संगणकप्रणाली आली. तिच्यातील दोषांमुळे नसलेली तूट दिसू लागली. तिच्या आकड्यांच्या आधारे १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्टमास्तर चोरी व खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली दोषी ठरले. कित्येकांना तुरुंगवास झाला, काहींचे दिवाळे निघाले. यंत्र चुकणार नाही, तेव्हा माणूसच लबाड, असे गृहीत धरले गेले. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि शेवटी २०२४ साली कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नव्हे. हे आपण अकरावीतच शिकतो. व्यवहाराची नोंदच राहिली किंवा रक्कम भलत्याच खात्याच्या त्याच बाजूला पडली, तरी तेरीज जुळते. पडद्यावरच्या आकड्याकडे अशाच सावध नजरेने पाहणे, आणि त्यामागे कोणाचा संसार आहे हे विचारणे, ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची व हिशेब ठेवणाऱ्याची समान जबाबदारी आहे.

आपल्याकडे कर्नाटकात २०२१ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला, तेव्हा आपल्या शाखेबाहेरचे विषय घेण्याची वाट खुली झाली होती. २०२४ साली पुन्हा तीन वर्षांच्या पदवीचा निर्णय झाला. धोरणे बदलत राहतील. परंतु वाणिज्याच्या विद्यार्थ्याने ग्रंथालयात तर्कशास्त्राचे पुस्तक मागितले, किंवा संगणकाच्या तासाला 'हे कशासाठी?' असे विचारले, तर त्याला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. आपल्या प्राध्यापकांनी अशा प्रश्नाला 'हे परीक्षेत येणार नाही' असे उत्तर देऊ नये, एवढीच नम्र विनंती.

(बी. कॉम., तृतीय वर्ष)