महायुद्धातील सैनिकांच्या सेवानोंदींचा शोध

सातारा व कोकणातील कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी शिळा आढळते. १९१४ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामास आली, एवढाच मजकूर तीवर कोरलेला असतो. शिळेवर आकडा असतो, नावे नसतात. ती नावे शोधून काढणे हे वरवर पाहता एकेका कुटुंबाचे काम वाटते. परंतु त्यासाठी लागणारी बहुतेक साधने गावच्या दप्तरात, शाळेत आणि तहसील कचेरीत असल्यामुळे हे काम गावानेच हाती घेणे अधिक इष्ट होय.

पहिल्या महायुद्धात भारतातील तेरा लाखांच्या आसपास लोक सेवेत दाखल झाले व सुमारे ७४ हजार मृत्युमुखी पडले. दुसऱ्या महायुद्धात ही सेना २५ लाखांच्या घरात गेली आणि सुमारे ८७ हजारांनी प्राण गमावले. मेसोपोटेमियातील कुत येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात जे सैन्य वेढ्यात सापडले, त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्यातील जे कैदेत परतले नाहीत, त्यांच्या घरी 'बेपत्ता' या शब्दापलीकडे पुष्कळदा काहीच पोहोचले नाही.

शोधाचा आरंभ घरातून

शोध घेणाऱ्याने प्रथम चार गोष्टी निश्चित कराव्यात : सैनिकाचे पूर्ण नाव, सैनिक क्रमांक, पलटण आणि मूळ गाव. यांपैकी क्रमांक व पलटण मिळाल्यास अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही. सेवामुक्तीचा दाखला, निवृत्तिवेतनाचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, गणवेशातील छायाचित्र हे सर्व उपयोगी पडते.

सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे पदके. पहिल्या महायुद्धातील गोल पदकांच्या कडेवर, तर ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या मागील बाजूस, सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना पदके नावाविना देण्यात आली. भारतीय सैनिकांची पदके मात्र सामान्यतः नाव कोरून दिली गेली. म्हणून पदके चिंच किंवा राख लावून घासू नयेत. कडेवरची बारीक अक्षरे एकदा झिजली की तो पुरावा कायमचा नाहीसा होतो. पहिल्या युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या वारसास काशाची एक मोठी गोल चकती देण्यात आली होती. तिच्यावर केवळ नाव असते, हुद्दा नसतो. पण ती घरात असणे हाच मृत्यूचा सबळ पुरावा ठरतो.

गावचे दप्तर

परदेशात झालेला मृत्यू गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत सापडेलच असे नाही. परंतु त्या सैनिकाच्या नावे जमीन असल्यास वारसाची नोंद करावीच लागे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारस नोंदवही यांत मृत्यूचे वर्ष, विधवेचे व मुलांचे नाव मिळू शकते. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख व वडिलांचे नाव मिळते. शिक्षकांनी ही रजिस्टरे पाहून दिल्यास एकाच नावाच्या दोन व्यक्तींमधील घोटाळा टळतो.

पलटणीचे नाव आज कोणते ?

जुन्या कागदांतील पलटणीचे क्रमांक आज प्रचारात नाहीत. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. त्यामुळे '११० मराठा' आणि 'तिसरी बटालियन, पाचवी मराठा' हे दोन उल्लेख एकाच पलटणीचे होत. १९१७ मध्ये उभारलेली १११ महार ही पलटण १९२१ मध्ये विसर्जित करण्यात आली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी स्थापन झालेली महार रेजिमेंट ही स्वतंत्र उभारणी आहे. जिल्ह्यांच्या बाबतीतही हीच दक्षता आवश्यक आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले आणि त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. सावंतवाडी व कोल्हापूर ही तर त्या काळी संस्थाने होती. इंग्रजी नोंदींत मराठी नावांची रूपे ऐकीव लिहिलेली असल्याने 'जाधव', 'पवार' अशी आडनावे सर्व संभाव्य स्पेलिंगांनी शोधावीत.

अर्ज कोठे करावा ?

सैनिकाच्या सेवेची कागदपत्रे संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात ठेवली जातात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावी येथे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, तर बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकी येथे आहे. निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकांची कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा लष्करी नियम आहे. तथापि 'लाँग रोल' या नोंदवहीतील संक्षिप्त नोंद कायम जतन करावयाची असते. म्हणून 'कागद उपलब्ध नाहीत' असे उत्तर आल्यास लाँग रोलमधील नोंदीची स्वतंत्रपणे मागणी करावी. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घेता येते. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांसंबंधीची कागदपत्रे दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावीत.

मृत सैनिकांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत सापडतात. ही सूची संगणकावर विनामूल्य पाहता येते. तीत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील मृत्यूंचा समावेश होतो. शौर्यपदकांच्या घोषणा लंडन गॅझेटमध्ये प्रसिद्ध होत. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत; मात्र त्यांत अधिकाऱ्यांची नावे असतात आणि शिपायांचा उल्लेख बहुधा संख्येनेच येतो.

नाव नसणे म्हणजे काय ?

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत बलिदान केले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला आणि त्यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. परंतु प्रत्येक सैनिकाच्या वाट्यास असे स्मरण आले नाही. बसरा येथील स्मारकावर पहिल्या युद्धातील भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली. सामान्य शिपाई पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येने नोंदले गेले. २०२१ मध्ये आयोगाच्या विशेष समितीने ही विषमता मान्य केली. किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे स्मरण नावानिशी झाले नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. त्यांत पूर्व आफ्रिकी व इजिप्ती सैनिक आणि श्रमिक यांचा भरणा मोठा आहे.

वगळलेल्या मृत सैनिकाचे नाव पुराव्यानिशी सादर केल्यास आयोग त्याचा विचार करतो. तो पुरावा लंडनमध्ये नसून गावच्या फेरफार नोंदवहीत, शाळेच्या रजिस्टरात किंवा माजघरातल्या ट्रंकेत असण्याचा संभव अधिक आहे. ग्रामपंचायतीने गावातील अशा सैनिकांची यादी करावी, कागदांच्या प्रमाणित प्रती जपाव्यात आणि मूळ कागद व पदके वारसांच्याच स्वाधीन ठेवावीत. पदके पाहण्याच्या मिषाने ती विकत घेणारे लोक गावोगाव फिरत असतात, याची जाणीव कुटुंबांना द्यावी. यादी पूर्ण झाल्यावर ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. राहिलेली नावे वृद्ध मंडळी तेथेच सांगू शकतील. शिळेवरील आकडा आणि यादीतील नावे जुळतील, तेव्हा त्या शिळेचे अपुरे राहिलेले काम पुरे होईल.