कोंबडीच्या मांसातील औषध

बारामती-इंदापूर भागात उसाच्या रानाशेजारी कोंबड्यांच्या लांबच लांब शेडी दिसतात. बरेच शेतकरी कंपनीशी करार करतात. कंपनी पिल्ले, खाद्य व औषध देते. शेतकरी पक्षी वाढवितो. पाच-सहा आठवड्यांत गाडी भरते.

शेडमध्ये हजारो पक्षी दाटीने राहतात. एकाला रोग झाला की सगळ्यांना लागतो. मर सुरू झाली की मालकाच्या पोटात गोळा येतो. मग पाण्यातून जंतू मारणारे औषध देतात. रोगाला औषध द्यावेच लागते. त्यात वावगे काही नाही. पण ते पक्ष्याच्या अंगातून लगेच जात नाही. काही दिवस मांसात व काळजात राहते. त्याआधी पक्षी कापला, तर औषधाचा अंश आपल्या ताटात येतो. रस्सा कितीही उकळा, तो पुरता जाईलच असे नाही.

मग बिघडलं कुठं? औषध वरचेवर दिले की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात व वाढतात. ते शेडमधून माणसापर्यंत पोचतात. उद्या घरातले पोर तापाने फणफणले, तर डॉक्टरांचे औषध लागू पडत नाही. आपल्याच जिल्ह्यात पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. अशा औषधांनी लाखो जीव वाचविले. हे हत्यार बोथट होऊ देऊ नये.

हा अंश डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. प्रयोगशाळेत एका बशीत जंतू पसरतात. त्यावर मांसाचा तुकडा ठेवून ऊब देतात. तुकड्याभोवती जंतू न वाढता स्वच्छ कडे राहिले, तर औषधाचा संशय येतो. कोणते औषध व किती, हे मग यंत्राने मोजतात. २०१४ साली दिल्ली भागातले ७० नमुने एका संस्थेने तपासले. त्यांपैकी २८ नमुन्यांत औषध सापडले.

सरकारी नियम असा आहे : शेवटच्या औषधानंतर किती दिवस थांबायचे, ते वेष्टनावर छापावे लागते. हे दिवस तपासून ठरलेले नसतील, तर कोंबडीच्या मांसासाठी निदान २८ दिवस व अंड्यांसाठी ७ दिवस धरावेत. आता हिशेब करा. पक्षी ४० व्या दिवशी विकायचा. ४० वजा २८, उरले १२. म्हणजे असे औषध १२ व्या दिवसानंतर देता येणार नाही. कोलिस्टिन या औषधावर तर जुलै २०१९ पासून कोंबड्यांसाठी बंदीच आहे.

थांबलो तर खाद्याचा खर्च वाढतो, हे खरे. म्हणून रोगच येऊ देऊ नये. तूस कोरडे ठेवा. पाणी स्वच्छ द्या. दाटी करू नका. लस वेळेवर टोचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध पाजू नका.

आता तुम्हांला लिहिता येते. शेडमध्ये एक वही टांगा. औषधाचे नाव, तारीख आणि थांबण्याचे दिवस तीत लिहा. वेष्टन इंग्रजीत असेल, तर डॉक्टरांना विचारून मराठीत लिहून घ्या. गाडी दाराशी आली की आधी वही उघडा.

प्रश्न
१. बशीतले स्वच्छ कडे काय सांगते?
२. औषध ५ तारखेला संपले. थांबण्याचे दिवस १० आहेत. पक्षी कोणत्या तारखेपर्यंत कापायचा नाही?