ग्रंथालयाचा कार्यक्रम सुरू होताना



आपल्या ग्रंथालयाची नोंदवही आता संगणकावर आली आहे, हे आपण जाणताच. जावा भाषेतला हा वेब-कार्यक्रम दहावी-अकरावीच्या मुलांनी आमच्याबरोबर बसून तयार केला. विश्वस्त मंडळाला तो दाखवायच्या दिवशी पडद्यावर शाळेच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हे उमटली. "मराठीचा एवढा त्रास होत असेल तर नाव रोमन लिपीत टाका," असे एका विश्वस्तांनी सुचवले. सूचना सद्हेतूनेच केलेली होती. पण बडोद्यात इतक्या पिढ्या मराठी जपणाऱ्या शाळेने स्वतःच्या नोंदवहीवर स्वतःचे नाव दुसऱ्या लिपीत लिहावे, हे मुलांना रुचेना. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते येथे मांडतो.

सकाळी प्रार्थनेआधी शिपाईकाका कुलुपे काढतात, सूचनावही पाहतात, कोण रजेवर आहे ते लक्षात ठेवतात. मग दर तासाला ती वही उघडावी लागत नाही. वेब-कार्यक्रमाचेही तसेच आहे. शाळेचे नाव, पुस्तक किती दिवस ठेवायचे, उशिराचा दंड, माहितीसाठा कोठे आहे, अशा बदलू शकणाऱ्या गोष्टी मूळ कार्यक्रमात न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवतात. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. जावातील 'प्रॉपर्टीज' फाइलीत एका ओळीवर एक नोंद असते : डावीकडे नोंदीचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे तिची किंमत.

ही फाइल वाचायची केव्हा? 'सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनर' नावाची एक सोय आहे. कार्यक्रम सुरू होताना सर्व्हर तिला एकदा हाक मारतो, आणि तीही कोणताही सर्व्हलेट किंवा फिल्टर तयार होण्यापूर्वी. तेथेच फाइल वाचून नोंदी सर्वांना मिळतील अशा ठेवाव्यात. याचा अर्थ असा, की नंतर फाइल बदलली तरी कार्यक्रम पुन्हा सुरू करेपर्यंत जुनीच किंमत चालू राहते. हे ध्यानात न आल्याने आमच्या एका विद्यार्थ्याचा अख्खा तास दंडाची रक्कम बदलण्यात गेला.

फाइलीचे नुसते नाव दिले तर जावा ती कार्यक्रमाच्या फोल्डरमध्ये शोधत नाही. सर्व्हर ज्या फोल्डरमधून सुरू झाला तेथे शोधते. म्हणून प्रयोगशाळेत चाललेला कार्यक्रम कार्यालयातल्या संगणकावर चालला नाही. फाइल 'वेब-आयएनएफ' या फोल्डरमध्ये ठेवावी आणि कॉन्टेक्स्टकरवीच मागावी. या फोल्डरमधले काही ब्राउझरला थेट मिळत नाही, हा आणखी एक फायदा.

आता मुख्य दुखणे. आमचा पहिला संशय पानावर होता, पण पान यूटीएफ-८ मध्येच होते. दोष फाइल वाचण्यात निघाला. युनिकोडमध्ये 'श' चा क्रमांक २३५८. यूटीएफ-८ मध्ये तो २२४, १६४, १८२ अशा तीन बाइटांत लिहिला जातो. प्रॉपर्टीज फाइल 'इनपुट स्ट्रीम'मधून वाचली, तर जावा ती आयएसओ ८८५९-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या संकेतातली आहे असे धरून चालते, आणि त्या संकेतात एक बाइट म्हणजे एक अक्षर. साहजिकच 'शाळा' या शब्दातील चार चिन्हांची (श, काना, ळ, काना) बारा निरर्थक चिन्हे होतात. अक्षरे हरवत नाहीत, चुकीच्या किल्लीने उघडली जातात. गुजराती अक्षरेही तीन-तीन बाइटांचीच, त्यामुळे एका पालकांच्या दुकानाच्या कार्यक्रमात हाच घोळ झाला होता.

पूर्वी यावर रूढ इलाज होता : प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक लिहायचा. अशी फाइल माणसाला वाचता येत नाही, म्हणून आम्हाला तो पसंत नाही. २००६ साली आलेल्या जावा ६ पासून 'रीडर' देऊन फाइल वाचता येते आणि त्या रीडरला 'हे यूटीएफ-८ आहे' असे सांगता येते. बदल एका ओळीचा. शाळेचे नाव पडद्यावर जसेच्या तसे आले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आणखी एक निर्णय आम्ही घेतला. फाइल सापडली नाही किंवा आवश्यक नोंद नसली तर कार्यक्रमाने सुरूच होऊ नये, कोणती नोंद नाही ते स्पष्ट लिहून थांबावे. काहींना हे कडक वाटले. पण दंडाचा दर अंदाजाने धरून महिनाभर चुकीच्या पावत्या फाडण्यापेक्षा सकाळी दहा मिनिटे खोळंबलेले बरे.

या नियमाचा पहिला फटका आम्हालाच बसला. दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम 'शाळेचे नाव ही नोंद नाही' म्हणून अडला. फाइल उघडली तर नोंद पहिल्याच ओळीत, अगदी डोळ्यांसमोर! कोणीतरी ती जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून पुन्हा साठवली होती. ते नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी एक न दिसणारी खूण घालते, आणि जावा ती खूण पहिल्या नोंदीच्या नावाचाच भाग समजते. तेव्हापासून आमच्या फाइलीची पहिली ओळ कोरी असते. ती कृपया कोणी पुसू नये.