राखणीचा कोंबडा

बाजारात कोंबडा घेताना नजर आधी तुऱ्यावर जाते, मग वजनावर. परसातल्या कोंबड्यांना राखणदार हवा असेल, तर या दोन्हींना मी दुय्यम मानतो. शक्य असेल तर तो मालकाच्या घरीच, कोंबड्यांबरोबर चरताना बघावा. दाणा सापडल्यावर आधी कोंबड्यांना बोलावतो का? चरताना मधेच मान तिरकी करून एका डोळ्याने आभाळ न्याहाळतो का? रत्नागिरीकडच्या आमच्या वाड्यांत वरून घार-शिक्रा येतात आणि गडग्याच्या फटीतून मुंगूस. जाणता कोंबडा दोघांसाठी वेगळा आवाज काढतो. घार दिसली तर बारीक, लांबट स्वर, की कोंबड्या झुडपात शिरून गप्प. मुंगूस किंवा कुत्रा दिसला तर कॉक-कॉक असा सलग कलकलाट.

माणसावर धावणारा कोंबडा मात्र घेऊ नये. शूर आहे म्हणून कौतुकाने ठेवलेल्या अशा एका कोंबड्याने आमच्या वाडीत लहान मुलाच्या डोळ्याखाली पायाचा काटा मारलेला मी पाहिला आहे. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. जास्त ठेवले तर कोंबड्यांच्या पाठी सोलवटतात. त्याच्या मुली अंड्यावर आल्या की दुसऱ्या वाडीतल्या कोंबड्याशी अदलाबदल करावी.

पण त्याची राखण दिवसापुरतीच. अंधारात त्याला दिसत नाही. मुंगसाला अंगावर घेणारा आमचा कोंबडा श्रावणातल्या एका पावसाळी रात्री खुराड्यातूनच गेला. सकाळी पिसं तेवढी उरली. भिजलेली माती उकरून, गंजलेली षटकोनी जाळी फाडून जनावर आत शिरलं होतं. ती जाळी कोंबड्यांना आत ठेवते, रानमांजराला बाहेर ठेवत नाही. आता खाली चिऱ्याचा चौथरा आणि चारही बाजूंनी अर्धा इंची वेल्डमेश आहे. दाराला कडी, आणि दिवेलागणीला ती लागलीच पाहिजे. फासे लावण्याच्या भानगडीत पडू नका. मुंगूस, घोरपड, रानमांजर यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

नव्या कोंबड्यासोबत येणारा मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे राणीखेत, आपली मानमोडी. वरवर धडधाकट पक्षीही रोग घेऊन येतो आणि चार दिवसांत अंगण ओस पडतं. म्हणून नवा कोंबडा दोन-तीन आठवडे घरापासून दूर, वेगळ्या डालग्याखाली ठेवा. त्याचं पाणी-खाणं वेगळं, आणि त्याला शेवटी हाताळा.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात राणीखेतवरच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यायचा असतो, पुढचे डोस पशुवैद्य सांगतील. लशीची लहानात लहान कुपीसुद्धा साधारण शंभर पक्ष्यांना पुरते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. एकट्याच्या पाच-दहा पिल्लांसाठी ती कोणी आणत नाही, म्हणून लस राहूनच जाते. तेव्हा वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एक सकाळ ठरवा, बर्फात घालून एकच कुपी आणा आणि घरोघरची पिल्लं त्याच दिवशी उरकून घ्या.