दिवसा वीज मिळू लागल्यावर कळलेल्या गोष्टी

आमचा कांद्याचा पट्टा. गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प झाला आणि माझ्या रानाला वीज देणारा फिडर त्यावर आला. धाकट्या भावाचं रान डीपीपासून (रोहित्रापासून) लांब, म्हणून त्याने सौरपंप घेतला. दोन्हींचा अनुभव सांगतो.

१. आधी वेळ मागा, मग माफी. पूर्वी एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्री थ्री फेज आली की बॅटरी घेऊन दारं धरायला निघायचं. पायाखाली सापाची भीती, शेजारच्या उसात बिबट्याची. आता मी आणि बायको उजेडात वाफे भिजवतो आणि रात्री घरी झोपतो. ही निश्चिंती कुठल्याही बिलमाफीने आली नसती.

२. फिडर की पंप, हे रान बघून ठरवा. जोडणी असेल तिथे सौर फिडर, नसेल तिथे सौरपंप. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात.

३. सौर प्रकल्पाला जमीन देण्याआधी ग्रामसभेत बोला. फिडर सौरवर आणणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ची. २०२३च्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरसाल ३ टक्के वाढ ठरली. गायरान दिलं तर मात्र चराई जाते, तीही अनेक वर्षांसाठी. शेळ्यामेंढ्या कुठे चरणार, हे मेंढपाळांना बोलावूनच ठरवा.

४. सौरपंपाचं पॅनेल पिकासारखं सांभाळा. उन्हाळ्यात धुरळा बसला की पाण्याची धार बारीक होते. काच गार असताना, भल्या सकाळी, मऊ फडक्याने धुवा. बोअरचं क्षाराचं पाणी वाळलं की पांढरा थर धरतो, म्हणून लगेच पुसून घ्या. पंपाला ५ वर्षं दुरुस्तीची हमी असते. तक्रार तोंडी सांगून भागत नाही, तिचा नंबर लिहून ठेवा.

५. वीज वाढली म्हणून पाणी वाढत नाही. मोटार दिवसभर चालू शकते, म्हणून ती चालवलीच पाहिजे असं नाही. भावाने पंपासोबतच ठिबक केलं. भर उन्हाळ्यात त्याची विहीर तग धरते, मोकळं पाणी सोडणाऱ्यांच्या विहिरी तळ गाठतात.

६. स्वस्त वीज सवलतीपेक्षा टिकाऊ. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४पासून ५ वर्षं बिल नाही, पण तो पैसा राज्याच्या तिजोरीतूनच जातो. गावाजवळ तयार होणारी सौरवीज युनिटला सुमारे ३ रुपयांना पडते, लांबच्या तारांमधली गळतीही वाचते. सवलत सरकारच्या मर्जीवर असते. सौर प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा असतो. म्हणून मत मागायला येईल त्याला एवढंच विचारा : आमचा फिडर सौरवर कधी आणणार?