आयत्या वेळी सुचतं कसं? उत्स्फूर्तता आणि आपला वर्ग



२२ मार्च, जागतिक जल दिन. शाळेच्या मैदानावर सहावीतली एक मुलगी माईकसमोर उभी आहे. भाषण मीच लिहून दिलेलं. सुरुवात झोकात झाली, पण पाचव्या वाक्याला एक शब्द सुटला आणि सगळंच थांबलं. मी बाजूने पुढचा शब्द पुटपुटलो. तिला तो ऐकू आला नाही. मी पुन्हा सांगितला. आता ती समोरच्या मुलांकडे बघतच नव्हती, फक्त माझ्या ओठांकडे बघत होती. शेवटी रडत खाली उतरली.

तिच्या वस्तीत टँकरने पाणी येतं. रोज ती हंडे भरते. पाण्याबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण मी लिहिलेल्या भाषणात त्याला जागाच नव्हती. चूक तिची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी एक प्रश्न धरून बसलो आहे : आयत्या वेळी सुचणं ही देणगी असते की ते शिकवता येतं?

याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. सिंधुदुर्गाकडे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होतं ते तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर जरूर पाहा. पारंपरिक दशावतारात छापील संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं, कोण काय होणार, प्रसंगांचा क्रम काय, एवढं ठरतं. संवाद रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर तयार होतात. राजा आणि राक्षस यांची खडाजंगी सुरू झाली की एकाने टाकलेला मुद्दा दुसऱ्याने तिथल्या तिथे झेलायचा, त्याला उत्तर द्यायचं आणि गोष्टही पुढे न्यायची. हार्मोनियम आणि मृदंगवालाही नटावर नजर ठेवून असतो, कारण पद कधी सुरू होईल हे त्यालाही आधी माहीत नसतं.

आता नीट बघा, या कलाकारांकडे काय तयार असतं? पुराणातल्या कथा तोंडपाठ, पदं पाठ, प्रत्येक पात्राचा स्वभाव माहीत, आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांची कामं बघितलेली. म्हणजे पाठांतर आहेच, भरपूर आहे. फक्त वाक्यं पाठ नाहीत, विषय पाठ आहे. शास्त्रीय गायकाचंही तसंच. वर्षानुवर्षं पलटे घोटले म्हणून मैफलीत नवी तान सुचते. ‘वेळ मारून नेणं’ आणि ‘उत्स्फूर्त रचना करणं’ यात हाच फरक आहे. अभ्यास न करता तोंडी परीक्षेत काहीतरी ठोकून देणाऱ्याला आपण उत्स्फूर्त म्हणत नाही ना! पाढे पाठ हवेतच. हे आधीच सांगतो, नाहीतर काही जण सोयीचा अर्थ काढतील.

बरं, तयारी झाली. मग भीती कशी घालवायची? इथे शिकागोच्या एका बाईंची आठवण होते : व्हायोला स्पोलिन. १९३०च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात, त्या तिथे सरकारी करमणूक प्रकल्पात नाट्यमार्गदर्शक होत्या. समोर वेगवेगळ्या देशांतून आलेल्या स्थलांतरित कुटुंबांतली मुलं. व्याख्यान देऊन अभिनय शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी खेळ रचले. १९६३ साली त्यांचं पुस्तकही आलं आणि आजचे बरेचसे नाट्यखेळ त्यातून पसरले.

त्यांची युक्ती साधी आहे. ‘छान बोल’, ‘घाबरू नको’ असं सांगितलं की मूल स्वतःकडेच बघायला लागतं आणि आणखी घाबरतं. त्याऐवजी त्याला सोडवायला एक नेमकी गोष्ट द्या. खो-खो खेळताना ‘लोक मला बघतायत’ असं कुणाच्या मनात येतं का? लक्ष खेळात असतं.

त्यांचाच एक खेळ माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चालतो : दोराशिवाय रस्सीखेच. दोन गट, मध्ये काल्पनिक दोर. अट एकच, दोर सगळ्यांना ‘दिसला’ पाहिजे. पहिल्या वेळी काय झालं सांगू? दोन्ही गटांनी जोर लावला, दोन्ही मागे सरकले आणि दोघंही जिंकले! बाजूला बसलेला एक जण ओरडला, “सर, दोर रबराचा झाला!” वर्ग हसून लोळला. मग मुलांच्याच लक्षात आलं की समोरचा ओढतो तेव्हा आपण पुढे जायला हवं, नाहीतर दोर उरतच नाही. म्हणजे समोरच्याकडे सतत बघावं लागतं आणि कुणालातरी हरायला कबूल व्हावं लागतं. गटकार्यावर मी आजवर दिलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा ही दहा मिनिटं भारी पडली.

दुसरा प्रयोग गणितातला. शाब्दिक उदाहरण वर्गाने मिळून बनवायचं. एक जण म्हणतो, “आठवडी बाजारातून ४ किलो कांदे आणले.” पुढचा म्हणतो, “४०० रुपये किलोचे.” ‘असं कुठे असतं!’ म्हणायला बंदी. आधीच्याचं मान्य करायचं आणि भर घालायची, ‘हो, आणि...’. तिसऱ्याने भर घातली, “हो, आणि म्हणून आईने ३ किलो परत करायला पाठवलं.” आता किती पैसे परत मिळतील? जी मुलं पुस्तकातलं उदाहरण वाचून जांभया देतात, तीच हे पटापट सोडवतात.

एक पथ्य मात्र कठीण आहे. स्पोलिनबाई पसंती आणि नापसंती दोन्हीपासून सावध राहायला सांगतात. रागवायचं नाही हे ठीक, पण सारखं ‘शाब्बास’ही नाही. कारण मग मुलं सोबत्याकडे न बघता सरांच्या चेहऱ्याकडे बघतात. माझी ही सवय अजून पूर्ण सुटलेली नाही.

पुढच्या वर्षी त्याच मुलीने पुन्हा नाव दिलं. या वेळी मी भाषण लिहिलं नाही. चिठ्ठीवर तिचेच तीन शब्द : हंडा, रांग, टँकर. मध्येच ती थांबली. माझ्या पोटात गोळा आला, पण गप्प बसलो. तिने समोरच्या मुलांकडे बघितलं आणि म्हणाली, “टँकर मंगळवारी येतो. म्हणून आमच्या वस्तीतल्या पोरी मंगळवारी शाळेत उशिरा येतात.” त्यांना उशिराबद्दल उभं करणारा मीच होतो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांशी बोलून मंगळवारचं ते बंद केलं.

तुमच्या वर्गात सुरुवात रस्सीखेचीपासूनच करा. साहित्य काही लागत नाही, बाकं मागे सरकवली की झालं. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.